गर्ट्रूड बेल : कड्यावरची आणि वाळवंटातली

हिरकणीची गोष्ट ठाऊक नाही अशी मराठी बाई विरळाच. रायगडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ भुकेले, म्हणून ती गवळण काळोखात कडा उतरून गेली, ही कथा आपण आईच्या मांडीवर ऐकली आणि पुढे आपल्या मुलांना सांगितली. पण हिरकणी कडा उतरली ती नाइलाजाने. बाईने हौसेने कडा चढावा, एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा चढावा, हे आपल्या आज्यांना पटले नसते. खरे सांगायचे तर आपल्यापैकी काही जणींना ते आजही पटणार नाही! मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या अंकात अशाच एका बाईची हकीकत सांगायचे योजले आहे. ती आपल्या देशाची नव्हे, आपल्या विचारांचीही पुष्कळ बाबतींत नव्हे. तरीही तिच्या आयुष्यात आपण मंडळातल्या बायकांनी मनाशी घोळवावे असे काही आहे.

गर्ट्रूड बेल हिचा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहॅम परगण्यात १४ जुलै १८६८ रोजी झाला. तिचे आजोबा सर लोथियन बेल हे त्या काळचे मोठे लोखंडाचे कारखानदार. टीज नदीकाठी मिडल्सबरोजवळ त्यांच्या भट्ट्या रात्रंदिवस धगधगत असत. लोखंडाची धातुमाती वितळवताना भट्टीत चुनखडीचा दगडही घालावा लागतो; धातूतला मळ तो आपल्यात ओढून घेतो आणि लोखंड निराळे होते. या चुनखडीच्या दगडाशी गर्ट्रूडची गाठ पुढे फार वेगळ्या रीतीने पडायची होती.

ती जेमतेम तीन वर्षांची होते न होते तोच आई गेली. धाकट्या भावाच्या जन्मानंतर आईची प्रकृती सावरली नाही. पुढे पाच वर्षांनी वडिलांनी, ह्यू बेल यांनी, दुसरे लग्न केले. सावत्र आई म्हटली की आपल्या मनात एक चित्र उभे राहते. येथे तसे काही घडले नाही. फ्लॉरेन्स ही नवी आई लेखिका होती, समंजस होती आणि कारखान्यातल्या मजुरांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या बायकांची सुखदुःखे तिने पुस्तकात लिहून ठेवली. गर्ट्रूड जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, या आईला आणि वडिलांना तिचे पत्र गेल्यावाचून राहत नसे. मुलीच्या मृत्यूनंतर फ्लॉरेन्सनेच १९२७ मध्ये त्या पत्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. आज आपल्याला गर्ट्रूडविषयी जे कळते त्यातले पुष्कळसे या पत्रांतूनच.

मुलगी हुशार निघाली. १८८६ मध्ये ती ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये शिकायला गेली आणि दोनच वर्षांत अर्वाचीन इतिहासाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आली. त्या विषयात पहिला वर्ग मिळविणारी ती पहिलीच स्त्री. पण पदवी काही मिळाली नाही. बायकांनी परीक्षा द्यावी, पास व्हावे आणि रिकाम्या हाताने घरी जावे असा तेथला रिवाज होता. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९२० मध्ये.

घरी आल्यावर लग्नाची खटपट सुरू झाली. ती जमली नाही. १८९२ मध्ये ती इराणात तेहरानला मावशीकडे गेली. मावशीचे यजमान तेथे इंग्लंडचे वकील होते. तेथे एका तरुण अधिकाऱ्याशी तिचे मन जुळले. मुलाची सांपत्तिक स्थिती वडिलांना पसंत पडली नाही. त्यांनी नकार दिला आणि गर्ट्रूडने तो मुकाट्याने मानला. पुढच्याच वर्षी तो तरुण आजारी पडून वारला. ज्या मुलीने पुढे कड्यांना आणि वाळवंटांना जुमानले नाही, तिने वडिलांचा शब्द मात्र मोडला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. फारशी भाषा तिने तेथेच आत्मसात केली आणि १८९७ मध्ये हाफिजच्या कवितांचा तिने केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. जाणकार त्याला आजही मान देतात.

त्याच वर्षी बेल कुटुंब सुटीसाठी फ्रान्सच्या डोंगराळ भागात ला ग्राव्ह या गावी उतरले होते. गावासमोर मेज नावाचे १३,००० फूट उंचीचे शिखर उभे आहे. ते पाहून गर्ट्रूडच्या मनाने घेतले की यावर आपण चढायचे. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, ती परत आली आणि खरोखरीच चढली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि दगडावर चढण्याचा म्हणण्यासारखा अनुभव तिला नव्हता. बायकांनी डोंगर चढताना काय नेसावे हेही तेव्हा ठरलेले नव्हते! पायघोळ घागरा कड्यावर पायात अडकू लागला, तेव्हा वाटाड्यांच्या सांगण्यावरून तो काढून ठेवून ती आतल्या कपड्यांवर चढली आणि आपल्याला फार ओशाळल्यासारखे झाले असे तिने घरी कळविले. आपला नऊवारीचा काचा तिला ठाऊक असता तर ही पंचाईत टळली असती असे वाचताना मनात येते.

त्यानंतर उन्हाळ्यात ती आल्प्समध्ये दिसू लागली. १९०० मध्ये तिने माँ ब्लाँ हे आल्प्सचे सर्वोच्च शिखर गाठले. स्वित्झर्लंडमधला उलरिख फ्युरर हा तिचा वाटाड्या झाला आणि पुढे त्याचा भाऊ हाइनरिखही बरोबर येऊ लागला.

आता १९०१ सालची हकीकत. स्वित्झर्लंडमध्ये मायरिंगेन गावाच्या वर रोझेनलाउई नावाचे खोरे आहे. खाली ओढा, त्याच्या दोन्ही अंगांना सूचिपर्णी झाडांचे दाट रान, आणि रान संपते तेथून एकदम आकाशात घुसलेले पांढरट करडे सुळके. या सुळक्यांना एंगेलहॉर्नर, म्हणजे देवदूतांची शिंगे, असे नाव आहे. उंची सुमारे ९,००० फूट. आल्प्सच्या मानाने काहीच नाही. पण हे सुळके चुनखडीचे आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा. त्याचे थरावर थर पायऱ्यांसारखे दिसतात. चुनखडीचे तसे नाही. हा दगड प्राचीन समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेला. पावसाचे पाणी त्याला हळूहळू विरघळवते. त्यामुळे कोठे बोटे रुततील अशी भोके आणि पन्हळी, कोठे अंग चेपून चढता येईल अशी उभी भेग, तर कोठे घासून काढल्यासारखी गुळगुळीत पाटी. कोरडा असताना हा दगड हाताला विश्वासाचा वाटतो. ओला झाला की त्याच्यावर पाय ठरणे कठीण.

त्या सुळक्यांपैकी कित्येकांवर तोवर माणसाचे पाऊल पडले नव्हते. गर्ट्रूडने आणि दोघा फ्युरर बंधूंनी पंधरवड्यात सात अस्पर्श सुळके सर केले आणि जुने दोन सुळकेही चढून पाहिले. त्यांतल्या एकाला गर्ट्रूडश्पिट्झं, म्हणजे गर्ट्रूडचा सुळका, हे नाव मिळाले आणि आजही तेच आहे.

या चढाईतला एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या काळी आजच्यासारखी साधने नव्हती. तागाचा दोर कमरेला बांधायचा, तळाला खिळे ठोकलेले बूट घालायचे, एवढीच सामग्री. तिघे एका दोराला बांधलेले असत आणि अवघड जागी एक घसरला तर तो उरलेल्यांनाही ओढून नेई. एका ठिकाणी गुळगुळीत पाटी आडवी आली. उलरिख हाइनरिखच्या खांद्यावर उभा राहून वर चाचपू लागला, पण हाताला काही लागेना. तेव्हा गर्ट्रूड हाइनरिखच्या खांद्यावर चढली आणि उलरिख तिच्या खांद्यावर. तरी हात पोचेना. तिने त्याचा भार तोलत अंग आणखी उंच केले. त्याच्या बोटांना खोबण सापडली आणि त्याचा पाय तिच्या खांद्यावरून सुटला, तेव्हा तिने एक हात सरळ वर करून तळव्याची पायरी केली आणि त्या पायरीवर जोर देऊन तो वर गेला. मध्यंतरी त्याने खालून आधार पक्का आहे ना असे विचारले होते आणि तिने पक्का आहे म्हणून सांगितले होते. सगळे आटोपल्यावर उलरिख म्हणाला की त्या वेळी तिने नाही म्हटले असते तर आपला धीर सुटला असता आणि तिघेही खाली गेलो असतो. त्यावर तिने कबूल केले की होकार देताना आपला तोल आता जातो असेच आपल्याला वाटत होते.

जरा विचार करा. एका बड्या घरची लेक, जिच्या घरी बूट पुसायलाही नोकर, ती एका खेडवळ वाटाड्याच्या खांद्यावर उभी आणि त्याचा भाऊ तिच्या खांद्यावर. कड्यावर मालक-नोकर उरत नाही, बाई-पुरुष उरत नाही. खालच्याने वरच्याला पेलायचे आणि वरच्याने वर पोचून दोर खाली सोडायचा, एवढाच तेथला धर्म.

पुढच्या वर्षी तिची खरी कसोटी लागली. १९०२ च्या जुलैअखेरीस ती फिन्स्टरआरहॉर्न या १४,००० फुटांच्या शिखराच्या ईशान्येकडील भिंतीवर चढू लागली. ही भिंत तोवर कोणी सर केलेली नव्हती. शिखर फार दूर राहिले नव्हते, तोच हिमवादळ सुटले. बर्फ फोडण्याच्या लोखंडी कुऱ्हाडी विजेने गुणगुणू लागल्या. माघारी फिरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पण उतरणे चढण्याहून बिकट. एक रात्र त्यांनी कड्याच्या एका कपारीत बसून काढली. तिचे पाय गारठू नयेत म्हणून उलरिख त्या पायांवर बसून राहिला. दुसरी रात्र हिमनदीवर, उघड्या पावसात गेली. कंदील पेटवावा म्हटले तर काड्या ओल्या. तिच्या घागऱ्याच्या आडोशाला काड्या ओढून पाहिल्या, पण एकही पेटली नाही. तिघे ५७ तास उघड्यावर होते आणि त्यांतले ५३ तास दोराला बांधलेले. खाली आली तेव्हा तिचे हातपाय थंडीने सुजून निकामी झाल्यासारखे होते. शिखर हाती आले नाही. तरी तिघे जिवंत परतले ते तिच्या धैर्यामुळे, असे उलरिखने पुढे लोकांना सांगितले. वाटाडे सहसा अशी साक्ष देत नाहीत. त्यांचा अनुभव बहुधा उलटाच असतो. ती भिंत शेवटी १९०४ मध्ये दुसऱ्या दोघांनी सर केली. त्याच वर्षी गर्ट्रूडने इटलीच्या बाजूने मॅटरहॉर्न चढून आपल्या गिर्यारोहणाचा जणू समारोप केला.

याच्या मधे, जानेवारी १९०३ मध्ये, ती आपल्या देशात येऊन गेली होती. दिल्लीला सातव्या एडवर्डच्या नावाने भरलेला दरबार तिने पाहिला. साम्राज्याच्या त्या थाटामाटाने तिचे डोळे दिपले की नाही, हे सोडून द्या. परंतु साम्राज्यावरची तिची श्रद्धा पक्की होती आणि पुढचे तिचे सारे आयुष्य त्याच कामी लागले.

वाळवंटाची ओढ तिला आधीच लागली होती. अरबी भाषा ती शिकली. १९०५ पासून सिरिया, आशिया मायनर आणि मेसोपोटेमिया येथे ती उंटाघोड्यांवरून हिंडली, जुन्या इमारतींची मोजमापे घेतली, फोटो काढले, पुस्तके लिहिली. १९१३-१४ मध्ये अरबस्तानच्या मध्यभागी असलेल्या हाइल शहरापर्यंत ती जाऊन आली. टोळ्यांचे शेख तिला आपल्या तंबूत मानाने बसवीत आणि ती त्यांच्या भांडणांची, विहिरींची, वंशावळींची माहिती टिपून घेई. कड्यावर लागते तशीच सावध नजर येथेही उपयोगी पडली असे म्हणायला हरकत नाही.

आणि आता जी गोष्ट सांगायची, ती सांगताना मन थोडे खट्टू होते. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या बायका मताच्या हक्कासाठी मिरवणुका काढीत होत्या, तुरुंगात जात होत्या. त्याच वर्षी बायकांना मत देऊ नये अशी मागणी करणारा बायकांचाच एक संघ निघाला. गर्ट्रूड बेल त्याची मानद चिटणीस झाली! त्या संघाचे म्हणणे असे की गावचा कारभार, शाळा, दवाखाने येथे बायकांनी अवश्य लक्ष घालावे, पण साम्राज्याचा कारभार पुरुषांचा. ज्या बाईने शेखांशी राजकारण बोलावे, पुरुषांना न साधलेल्या भिंतीला हात घालावा, तिनेच असे म्हणावे, हे कोडे वाटते. काही जण म्हणतात, घरचे वळण तसे होते. काही म्हणतात, मिडल्सबरोच्या मजुरांच्या बायका संसाराच्या ओझ्याने कशा दबून गेल्या आहेत हे तिने पाहिले होते, आणि त्यांना राजकारण पेलवायचे नाही असे तिला वाटत असावे. आमच्या मते यात दुसरीही एक गोष्ट आहे. जिला बापाची संपत्ती, उत्तम शिक्षण आणि फ्युरर बंधूंसारखे खांदे मिळाले, तिला आपण स्वतःच्या बळावरच वर आलो असे वाटणे सोपे जाते. ज्या बाईला खांदाच मिळाला नाही ती खाली का राहिली, हे वरून दिसत नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. फ्रान्समध्ये बूलोन्य येथे रेडक्रॉसच्या कचेरीत जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या याद्या नीट लावण्याचे काम तिने हाती घेतले. घरचे लोक वाट पाहत आहेत, मुलगा जिवंत आहे की नाही याचा पत्ता नाही. अशा हजारो कुटुंबांना उत्तर मिळावे म्हणून ती दिवसदिवस बसे. १९१५ च्या अखेरीस तिला कैरोला आणि पुढच्या वर्षी बसऱ्याला बोलावून घेण्यात आले. बसरा हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. मराठा पलटणी त्या मोहिमेत लढल्या, कूतच्या वेढ्यात सापडल्या, आणि बसऱ्याला गेलेली पुष्कळ माणसे आपल्या खेड्यांत परत आली नाहीत. त्या मोहिमेमागच्या कचेरीत जी माहिती गोळा होत होती, नकाशे तयार होत होते, तेथे गर्ट्रूड बेल काम करीत होती.

युद्धानंतर ती बगदादलाच राहिली. १९२१ मध्ये कैरोला जी परिषद भरली तीत तुर्कांच्या जुन्या सुभ्यांमधून इराक नावाचे राज्य उभारण्याचे पक्के झाले. तिथे जमलेल्या बड्या अंमलदारांमध्ये तिच्या मताला वजन होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फैजल हा इराकचा राजा झाला. सीमा कोठे आखायच्या, कोणत्या टोळीला काय आश्वासन द्यायचे, यात तिचा मोठा हात. त्या सीमांच्या आत निरनिराळ्या लोकांना एकत्र बांधले गेले आणि सूत्रे मात्र इंग्रजांनी आपल्या हाती ठेवली. १९२० मध्ये तेथे मोठे बंड झाले होते आणि ते बळाने मोडले गेले होते. १९५८ मध्ये ती राजवटही संपली. त्या भूमीने त्यानंतर भोगलेली दुःखे आपण वर्तमानपत्रांत वाचली आहेत. त्या साऱ्याचा दोष एका बाईवर टाकणे न्यायाचे नाही. पण तिचा त्यात वाटा नव्हता असेही म्हणता येत नाही.

बगदादमध्ये तिने एक काम मात्र असे केले की त्याबद्दल तिचे नाव राहावे. ती इराकच्या पुराणवस्तूंची अधिकारी होती. जुन्या टेकाडांतून निघणाऱ्या वस्तू परदेशी संशोधक उचलून नेत असत. १९२४ मध्ये तिच्या खटपटीने त्यासंबंधी कायदा झाला, खोदून काढलेल्यातला वाटा इराकला मिळू लागला आणि १९२६ मध्ये बगदादचे वस्तुसंग्रहालय उघडले. २००३ च्या युद्धात ते लुटले गेले, हजारो वस्तू नाहीशा झाल्या. त्यांतल्या काही परत मिळाल्या आणि २०१५ मध्ये दारे पुन्हा उघडली.

तिचे अखेरचे दिवस सुखाचे नव्हते. राजा झाल्यावर फैजलला तिच्या सल्ल्याची गरज उरली नाही. प्रकृती खालावली. घरचा व्यवसाय बसला. १९२६ मध्ये धाकटा सावत्रभाऊ ह्यूगो वारला. १२ जुलै १९२६ रोजी बगदादमध्ये, अठ्ठावन्नावा वाढदिवस दोन दिवसांवर आला असता, ती झोपेतच गेली. झोपेच्या औषधाची मात्रा अधिक झाली होती. ती चुकून की जाणून, हे कोणाला ठरविता आले नाही. बगदादच्याच इंग्रजी दफनभूमीत तिला ठेवले आहे.

इंग्लंडमध्ये १९१८ मध्ये तिशीपुढच्या बऱ्याच बायकांना मत मिळाले आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना. आपल्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी स्त्रियांना १९२१ मध्येच, अर्थात मिळकतीच्या अटीवर, मत मिळाले होते. तिने ज्याला विरोध केला ते अखेर घडलेच.

मग या बाईचे आपण काय घ्यावे? आम्हांला वाटते, तिच्या आयुष्यातला तो रोझेनलाउईचा क्षण घ्यावा. स्वतःचा तोल जातो असे वाटत असतानाही वरच्याला धीर देऊन हाताची पायरी करणारी गर्ट्रूड आपण आठवावी. आणि वर पोचल्यावर खालच्या बहिणींसाठी दोर सोडायला विसरलेली गर्ट्रूडही विसरू नये. आपल्या मंडळात कोणी शिवण शिकली, कोणी परीक्षा दिली, कोणी चार पैसे मिळवू लागली. त्या प्रत्येकीच्या पायाखाली कोणाचा ना कोणाचा खांदा होता. ज्या वर पोचल्या त्यांनी येत्या वर्षात एकेका नव्या बहिणीला मंडळात घेऊन यावे, एवढीच या वर्धापनदिनी सर्व भगिनींना विनंती.